निम्मं माझं, निम्मं दुसऱ्या कोणाचं

आदरणीय दादा,

तुमच्या मेहुण्याचा, कंबर वाकू देईल तेवढा वाकून, नमस्कार. वयाने आपण जवळजवळ बरोबरीचे. पण तुम्ही माझ्या बायकोचे थोरले भाऊ, त्यामुळे लग्नाच्या दिवशी मी तुमच्यापुढे जो धाकटा झालो तो अजून धाकटाच आहे. तुमचा डोळा कसा आहे? पाणी यायचं थांबलं का? ऑपरेशन न झालेला डोळा झालेल्याचा हेवा तर करत नाही ना? थेंब वेळेवर घालून घेत जा. घालणारीचा हात हलका आहे, हे मी अनुभवाने सांगतो. एकदा माझ्या डोळ्यात कचरा गेला होता तेव्हा तिने पदराच्या टोकाने तो असा अलगद काढला की मी आणखी थोडा वेळ डोळा मिटूनच बसलो होतो. इकडे सर्व क्षेम. (हे वाक्य पत्राच्या सुरुवातीला लिहावं लागतं म्हणून लिहिलं आहे. पुढचं वाचून रागावू नये.)

एक विनंती आधीच करतो. डॉक्टरांनी तुम्हाला वाचायची मनाई केली आहे, तेव्हा हे पत्र शेजारच्या पोस्टमास्तरांकडून वाचून घ्यावं. तुमच्या बहिणीकडून मुळीच नको. फोनवर मी तिला यातलं काही सांगितलेलं नाही, आणि मुलाला व सूनबाईंनाही तशी ताकीद दिली आहे. तिला कळलं तर ती तुमच्या डोळ्यात अर्धा थेंब घालून उरलेला हातात घेऊनच निघेल. तुमची दृष्टी माझ्यापायी अर्धवट राहिलेली मला चालणार नाही. (पोस्टमास्तर, आपल्यालाही नमस्कार. आपला आवाज खणखणीत आहे असं ऐकून आहे. या पत्रापुरता तो जरा खाली ठेवा. ती स्वयंपाकघरात असेल, आणि तिला भांड्यांच्या आवाजातूनही नेमकं नको ते ऐकू येतं.)

तर झालं असं. ती तुमच्याकडे आली त्यानंतर काही दिवसांनी दाढी करताना माझी हनुवटी कापली. आता हनुवटी कापणं ही काही नवी गोष्ट नाही, आरशासमोर कविता म्हणायची सवय असलेल्या माणसाची हनुवटी अधूनमधून कापायचीच. पण या वेळी रक्त थांबेना. वर्तमानपत्राचा कपटा लावला, तो भिजला. दुसरा लावला, तोही भिजला. असं करत करत अर्धं संपादकीय माझ्या हनुवटीवर गेलं. (वाया गेलं असं नाही.) मग हातांवर जांभळे डाग दिसायला लागले, कुठे आपटल्याशिवायच. शाळेत आम्हाला संध्याकाळच्या आकाशावर एक कविता होती, तिच्यात कवीला जांभळा, करडा, तांबूस असे सगळे रंग एकामागून एक दिसत जातात. माझ्या दंडावर ती सगळी कविता उमटली होती. मी बराच वेळ कौतुकाने बघत बसलो. इतरांच्या लक्षात आलं नाही, कारण मी घरातही पूर्ण बाह्यांचे शर्ट घालतो. जिच्या लक्षात आलं असतं ती तुमच्या डोळ्यांकडे लक्ष देण्यात गुंतली होती, आणि ते योग्यच आहे.

दाढ दुखायला लागली नसती तर हे असंच चालू राहिलं असतं. दातांच्या डॉक्टरांनी मला त्या कलत्या खुर्चीत निजवलं, चिमटा हातात घेतला, आणि माझ्या हनुवटीवरचा कागद पाहून थांबले. मग त्यांनी बाही वर केली, आकाश पाहिलं, आणि चिमटा होता तिथे ठेवून दिला. म्हणाले, "आजोबा, आधी तुमचं रक्त गोठतं की नाही ते तपासून या. नाहीतर मी दाढ काढेन आणि तुम्ही थांबायचं नाव घेणार नाही." दाढ वाचली म्हणून मी इतका खूश झालो की ते नक्की काय म्हणाले ते घरी आल्यावर मुलाने विचारल्यावरच मला नीट आठवलं.

रक्त तपासायची जागा सायकलींच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर आहे. तिथे रक्त काढणाऱ्या एक बाई आहेत, चष्मा साखळीने गळ्यात. त्यांचं स्वतःचं वय पन्नाशीला टेकलेलं, तरी मला आजोबा म्हणतात. त्यांनी निळ्या टोपणाची एक बारीक नळी काढली. तिच्यात आधीच एक थेंबभर औषध असतं, रक्त वाटेतच गोठू नये म्हणून. म्हणाल्या, "हात सैल सोडा आणि दुसरं काहीतरी मनात आणा." आता मला असं सांगायचं असतं का, दादा? माझ्या मनात नदीची कविता आली. चौथीच्या वर्गात गुरुजींनी ती अभिनयासकट शिकवली होती. पहिल्या कडव्यात नदी डोंगरात लपंडाव खेळते, तिथे नुसतं गुणगुणायचं. दुसऱ्यात ती वळणं घेते, तिथे मान. तिसऱ्यात ती कड्यावरून स्वतःला झोकून देते, आणि तिथे उजवा हात. सुई उजव्या हातात होती.

बाईंनी पाय मागे घेतला म्हणून साडी वाचली. नळी मात्र रेघेपर्यंत भरलेली नव्हती. मी म्हणालो, थोडं कमी असलं तर चालणार नाही का, एवढंसं तर अंतर आहे. त्या म्हणाल्या, "मीठ तेवढंच ठेवलं आणि पीठ निम्मं केलं तर चालतं का, घरी विचारा." घरी विचारायला कोण आहे, असं तोंडावर आलं होतं. पण सूनबाई शेजारीच बसल्या होत्या, त्यांना उगीच वाईट वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी गेलो तर बाईंनी दारातच बजावलं, "आज कविता नको." मी विचारलं, मनातल्या मनात म्हणू का? त्या म्हणाल्या, "म्हणा, पण जिच्यात सगळे गाढ झोपलेले असतील अशी." तशी एक अंगाईची आहे. ती म्हटली, नळी रेघेला टेकली, आणि अंगाईतलं बाळ झोपलं तेव्हा मलाही डुलकी लागली होती. मग त्यांनी कापसाचा बोळा कोपरात ठेवला आणि म्हणाल्या, "घट्ट दाबून धरा, तुमचं लवकर थांबणार नाही." समोरच्या बाकावर एक माझ्याच वयाचे गृहस्थ होते. त्यांचाही बोळा, पण तो त्यांची बायको दाबत होती. काय दाबत होती, दादा! जणू लग्न झाल्यापासूनचा सगळा हिशेब त्या कोपरात चुकता करत होती. ते कळवळून म्हणत होते, "अगं, पुरे, हात राहील की नाही?" आणि ती म्हणत होती, "गप्प बसा, तुम्हाला काय कळतंय." मी माझा बोळा माझ्या अंगठ्याने दाबून त्या दोघांकडे बघत बसलो. सूनबाई म्हणाल्या, मी धरू का? मी नको म्हणालो. (पोस्टमास्तर, हा परिच्छेद वाचताना दादांकडे बघू नका, पुढे चला.)

अहवाल आला. रक्त जमायला हवं त्याच्या जवळजवळ दुप्पट वेळ घेतंय. मुलाचा चेहरा उतरला, आणि आमची वरात तिथल्या रक्ताच्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेली. बाई शांत आहेत, बोलताना टेबलावरची पेन्सिल सरळ करत राहतात. त्यांनी सांगितलं की आता एक मिसळणीची तपासणी करायची. माझं रक्त फिरवून त्याच्यातलं वरचं पिवळसर पाणी काढायचं. निम्मं ते घ्यायचं, आणि निम्मं तसंच पाणी निरोगी माणसांच्या रक्तातलं. दोन्ही एकत्र करायचं आणि ते किती वेळात जमतं ते बघायचं. जर वेळेवर जमलं, तर समजायचं की माझ्यात काहीतरी कमी होतं आणि ते दुसऱ्याने भरून काढलं. आणि नाही जमलं, तर समजायचं की माझ्यात कोणीतरी अडवणारा बसलाय, आणि तो दुसऱ्याच्या चांगल्या रक्तालाही अडवतोय. हे सगळं अंगाच्या उबेइतक्या उबेत ठेवून परत एकदा बघायचं, कारण काही अडवणारे आळशी असतात, त्यांना कामाला लागायला वेळ लागतो.

मी तर ऐकतच राहिलो. सगळं आयुष्य कविता वाचण्यात घालवलं, आणि निम्म्या-निम्म्याची इतकी सुंदर गोष्ट मला सायकलींच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर ऐकायला मिळाली. मी विचारलं, ती निरोगी माणसं कोण? बाई म्हणाल्या, अनेकांचं एकत्र केलेलं असतं, नावं नसतात. म्हणजे पाहा, कोणी तरी अनोळखी मंडळी माझं निम्मं भरून काढायला एका बारीक नळीत बसायला तयार झाली. मी त्यांना मनातून नमस्कार केला. खरं सांगायचं तर मला निकालाची काळजीच वाटत नव्हती. माझ्यात काहीतरी कमी आहे हे सांगायला नळ्या कशाला हव्यात? सकाळी चहा होतो, पण तो कडक झाला असं कोणी म्हणत नाही. पंखा कोणी बंद करत नाही, मग मी तो उठून परत लावत नाही. कवितेची ओळ अडली की दुसऱ्या खोलीतून कोणी ती चुकीची का होईना पुरी करत नाही. रक्त काही मूर्ख नाही, त्यालाही समजलं असणार. कमी आहे असाच निकाल येणार, डॉक्टरीणबाई म्हणणार की भरून काढा, आणि मग मुलाला आपोआप कुठेतरी फोन करावा लागणार, मला तोंड उघडावं न लागता. बाहेरच्या बाकावर बसून मी हे सगळं ठरवून टाकलं होतं.

निकाल उलटा आला. मिसळलेलंही जमेना. उबेत ठेवलं, तरी जमेना. माझ्यात कमी काहीच नव्हतं, माझ्यात अडवणारा होता.

दादा, मला फार लागलं. आयुष्यभर कुणाच्या अध्यात ना मध्यात, आणि या वयात माझ्या रक्ताने हे कळवावं? वातावरण हलकं करावं म्हणून सूनबाई म्हणाल्या, "बाबा, स्वयंपाकाच्या वेळी ओट्यासमोर तुम्ही वाट अडवून उभे राहता तसंच कोणीतरी आत उभं असेल." पण त्या स्वतः हसल्या नाहीत. कारण डॉक्टरीणबाईंनी पुढचंही सांगितलं होतं. उतारवयात कधीकधी शरीर स्वतःच्याच रक्तावर उलटतं आणि असा अडवणारा घरातच तयार करतं. तसं असेल तर दवाखान्यात राहायचं, जालीम औषधं घ्यायची, आणि तोवर घरात पडायचं नाही, आपटायचं नाही, दाढीसुद्धा करायची नाही. मुलगा हुंकार भरत होता, पण ऐकत नव्हता, त्याने माझी पूर्ण बाही मुठीत धरली होती. लहानपणी गर्दीत धरायचा तशी. तेव्हा कुठे मला भीती वाटली. दवाखान्याची नाही. मला वाटलं, आता हिला बोलावतील, आणि ती येईल ती घाबरून येईल. मला तिने यायला हवं होतं, पण असं नाही. सहज, पिशवी खांद्याला लावून, रिक्षावाल्याशी वाद घालत यायला हवं होतं.

मग डॉक्टरीणबाईंनी पेन्सिल सरळ केली आणि विचारलं, "यांना कुठली औषधं चालू आहेत?" मी म्हणालो, माझी एकच, रक्तदाबाची, सकाळी चहानंतर. हे अगदी खरं होतं. मला दुसरी गोळी नाही. बाई म्हणाल्या, "कारण अशी अडवणूक कधीकधी बाहेरूनही पोटात जाते. रक्त पातळ ठेवायच्या काही गोळ्या मिसळणीत हुबेहूब अशाच दिसतात. मोठ्या उपचारांना हात घालण्याआधी मला ती शंका काढून टाकायची आहे. घरात कोणी घेतं का?" मुलगा म्हणाला, "आई घेते, तिच्या हृदयाचे ठोके चुकतात म्हणून. पण ती मामाकडे आहे."

त्या वेळी मी छतावरच्या पंख्याकडे बघत होतो. पंखा छान होता. (त्यानंतर खोलीत जे बोलणं झालं ते पोस्टमास्तरांसारख्या परक्या गृहस्थाने मोठ्याने वाचण्याजोगं नाही, म्हणून गाळतो. एवढंच सांगतो, की डॉक्टरीणबाईंच्या हातातून पेन्सिल पडली, आणि सूनबाई आधी हसल्या आणि मग तोंड धुवायला म्हणून बाहेर गेल्या, त्या बऱ्याच वेळाने आल्या.)

सारांश, अडवणारा सापडला. तो घरात तयार झालेला नव्हता, त्याला बाहेरची वाट दाखवली, मधे काही दिवस जाऊ दिले, आणि काल पुन्हा निळ्या टोपणाची नळी. या वेळी रक्त काढणाऱ्या बाई आपणहून म्हणाल्या, "चला, नदी येऊ द्या, पण डाव्या हाताने." निकाल उत्तम. माझं रक्त एकटंच, कोणाच्या निम्म्याशिवाय, ठरल्या वेळी शहाण्यासारखं जमलं. दवाखाना टळला. दंडावरचं आकाशही निवळत आलं आहे, फक्त कडेला थोडा पिवळा उजेड उरला आहे. तेव्हा काळजीचं काही कारण नाही, कोणी यायची गरज नाही, आणि तुमच्या बहिणीला हे कधीच कळू देऊ नये.

घरातल्या लहानमोठ्यांना ज्याला जे शोभेल ते सांगावं. तुमच्या दोन्ही डोळ्यांना माझा वेगवेगळा नमस्कार.

तुमचा, नात्याने कायमचा धाकटा,
मेहुणा

ता. क. : आता दातांचे डॉक्टर दाढ काढायला तयार झाले आहेत. वार अजून ठरलेला नाही. कापसाचा बोळा दाबून धरायला घरातलं कोणीतरी बरोबर असावं म्हणतात. सूनबाई आहेतच. तुमचे थेंब कधी संपणार आहेत? सहज विचारलं.

आणखी एक ता. क. : अगं, हे तूच वाचते आहेस. पोस्टमास्तरांना तू "दादा" या शब्दापलीकडे जाऊ दिलं नसणार, चष्मा लावून पत्र हातातून काढून घेतलं असणार, हे मी पाकीट चिकटवायच्या आधीच ओळखून आहे. मघाशी "मुळीच नको" असं लिहिलं तेही तुलाच लिहिलं. फोनवर आपण दोघं एकमेकांना फक्त ऐकू येतंय का एवढंच विचारतो, आणि ऐकू येतंय असं कळलं की ठेवून देतो. म्हणून पत्र.

तर जे गाळलं ते असं. रोज सकाळी चहानंतर बशीत दोन गोळ्या काढायचं काम माझं. माझी पांढरी, तुझी विटकरी. इतकी वर्षं काढतोय की हाताला विचारावं लागत नाही. तू गेलीस त्या दिवशीही हाताने दोन काढल्या. माझी मी घेतली. तुझी बशीत राहिली. पाकिटातून एकदा काढलेली गोळी परत आत जात नाही, आणि टाकून देणं तुला आवडत नाही. मी पेपर वाचला, ती तिथेच. आंघोळ करून आलो, ती तिथेच, बशीच्या कडेला, एकटी. मला बघवेना. मी ती घेतली. दुसऱ्या दिवशी हाताने पुन्हा दोन काढल्या, आणि मी त्याला काही बोललो नाही. खरं म्हणजे मला तो वेळ आवडायला लागला होता. बाईंनी माझी औषधं विचारली तेव्हा मी खोटं बोललो नाही गं, ती माझी नव्हतीच, तुझी होती. मी फक्त तुझ्या वतीने घेत होतो. डॉक्टरीणबाईंना मी एवढंच म्हणू शकलो, "बशीत उरते हो." त्यांना कळेना. तुझ्या सुनेला कळलं.

आता सूनबाईंनी बशीच उचलून ठेवली आहे. माझी गोळी त्या स्वतः माझ्या तळहातावर ठेवतात आणि मी गिळेपर्यंत समोर उभ्या राहतात. पोर गुणाची आहे. पण दादांचे थेंब संपेपर्यंत तू राहा, घाई करू नकोस, मी रागावलेलो नाही आणि आजारी तर मुळीच नाही.

शेवटचं : येताना तुझ्या गोळ्या घेऊन ये. इथल्या मी संपवल्या.